‘सच दॅट’वाल्या बाई

सरकारी कार्यालयाच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून आमची रांग आहे. आधी पासपोर्ट फोटो काढणारा, मग झेरॉक्सवाला, मग मी रबरी शिक्के करणारा, आणि माझ्या उजव्या हाताला अर्ज लिहिणाऱ्या बाई. बाईंकडे एक टाइपरायटर, एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या आणि भली मोठी काळी छत्री. छत्री उन्हासाठी नाही. साहेब लोक येता-जाता वाकून कागद वाचतात, त्यांच्यासाठी आहे.

अख्खी रांग त्यांना माघारी ‘सचदॅट’ म्हणते. तोंडावर बाईच म्हणते, कारण आमच्यातल्या प्रत्येकाचा एखादा तरी नाजूक अर्ज बाईंनी लिहिलेला आहे, आणि त्यांची स्मरणशक्ती वाईट आहे असं म्हणायला कोणाची जीभ धजत नाही.

नाव पडलं ते त्यांच्या इंग्रजीवरून. बाईंचं इंग्रजी फार नाही. पण त्यातलं एक वाक्य त्यांच्या हातात असं बसलं होतं, जसा न्हाव्याच्या हातात वस्तरा. हे वाक्य त्यांना टायपिंगच्या क्लासातल्या मास्तरांनी दिलं. मास्तर एका मोठ्या कचेरीत तीस वर्षं पत्रांचे मसुदे करून निवृत्त झालेले. क्लासात शिकवायची होती बोटं, पण मास्तर शिकवायचे वाक्य. ते म्हणायचे, आपल्याकडे ‘इतका की’ आहे ना, तेच हे, फक्त कोट घालून आलेलं.

त्याच्या चार पायऱ्या होत्या आणि चारींची उदाहरणं मास्तर स्वतःच्या जावयावरच देत. पहिली पायरी, ‘ही इज सो लेझी दॅट’, म्हणजे तो इतका आळशी आहे की. ‘सो’च्या मागे नुसता गुण येतो. ही शाळेतल्या पोरांची. दुसरी, ‘ही इज सच अ लेझी मॅन दॅट’. ‘सच’ला गुण पुरत नाही, त्याला अख्खा माणूस लागतो. तिसरी, ‘हिज लेझिनेस इज सच दॅट’, त्याचा आळस असा आहे की. इथे ‘सच’ एकटा उभा राहतो, टेकायला काही नाही. ही कचेरीतली. आणि चौथी पायरी म्हणजे उलटी, ‘सच इज हिज लेझिनेस दॅट’. ‘सच’ आधी, क्रियापद त्याच्या मागे, आणि बिचारा आळस तिसरा. मास्तरांचं म्हणणं, वाक्य असं उलटं लावलं की वाचणारा साहेब खुर्चीत सरळ बसतो. म्हणून ते जपून वापरावं, रोज सरळ बसवलं तर साहेबाची पाठ धरते.

बाई चारी पायऱ्या चढल्या आणि परत जमिनीवर उतरल्याच नाहीत.

बाईंच्या आधी आमच्या रांगेत दुसरा एक टायपिस्ट बसायचा. त्याला ‘सो दॅट’ तेवढं येत होतं, पण ते दोन शब्द शेजारी-शेजारी आले की कधीकधी ‘म्हणून’ होतं आणि कधीकधी ‘यासाठी’ होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. एका शिपायाची आई गेली. याने रजेचा अर्ज लिहून दिला, ‘माय मदर डाइड सो दॅट आय मे बी अब्सेंट फॉर फाइव्ह डेज’. म्हणजे मला पाच दिवस गैरहजर राहता यावं यासाठी आई वारली. साहेबांनी रजा मंजूर केली आणि समासात लिहिलं, ‘मातोश्रींचे आभार’. शिपाई महिनाभर त्या टायपिस्टला शोधत होता. टायपिस्ट काही परत आला नाही, आणि त्याच्या जागी बाई बसल्या.

बाईंचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. झेरॉक्सवाल्याला दुसऱ्याच्या घरातलं फार. त्याने एकदा विचारलंच. बाई कागद मशिनमध्ये सारता सारता म्हणाल्या, “नवरा इतका चांगला होता की सगळे त्याच्याच बाजूने असायचे. मीसुद्धा.” झेरॉक्सवाला आपल्या मशिनकडे वळला. त्या आता वडिलांबरोबर दोन खोल्यांत राहायच्या.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाई गिऱ्हाईक सांगेल ते लिहायच्या. ‘इतका’ आपला, ‘की’च्या पुढचं गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक म्हणजे काय, माणूसच. नळाला दोन दिवस पाणी नसेल तर लिहा म्हणायचा, इतकी टंचाई की घरादाराने अंघोळ सोडली. बाई लिहायच्या. अर्ज झोकदार व्हायचा. तो पुढे कुठे जायचा, देव जाणे.

मग आला तो शिंपी.

हा शिंपी पहिल्या मजल्यावर राहायचा आणि तिथेच शिवायचा. खालच्या गाळ्यात पत्रा ठोकायचं वर्कशॉप आलं. सकाळी दहापासून धडधड. शिंप्याने तीन अर्ज स्वतः केले होते, त्यात आवाज ‘व्हेरी व्हेरी बिग’ होता, तिसऱ्यात आणखी एक ‘व्हेरी’ वाढवला होता. काही झालं नाही. मग तो बाईंकडे आला आणि म्हणाला, जरा जोरदार होऊ द्या, आवाज इतका की माझे कान गेले असं लिहा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. तरी त्यांनी लिहिलं, ‘द नॉइज इज सच दॅट आय हॅव लॉस्ट माय हिअरिंग’. तिसरी पायरी. सुंदर वाक्य. मी स्वतः पाहिलं, माझ्या शिक्क्यासारखं सुबक.

आठ दिवसांत सुनावणी लागली. तपासनीस साहेब वयस्कर, किडकिडीत, बोलायला मवाळ. त्यांनी शिंप्याला मोठ्याने नाव विचारलं, मोठ्याने पत्ता विचारला. शिंपी हाताचा द्रोण कानाशी धरून उत्तरं देत होता, अगदी नाटक कंपनीत असल्यासारखा. मग साहेबांनी कागद खाली ठेवले, फाईलची दोरी बांधली आणि शेजाऱ्याशी कुजबुजावं तसं म्हणाले, “तुमची टेप खिशातून पडली.” शिंपी टेबलाखाली वाकला.

अर्ज फेटाळला. आणि साहेबांनी बाईंना बोलावणं धाडलं.

बाई गेल्या तेव्हा आम्ही रांगेतले सगळे काम टाकून गेटकडे बघत बसलो. फोटोवाल्याची खात्री होती की टेबल उचलायला लावणार. बाई वीस मिनिटांनी परत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. मी विचारलं, रागावले का. तर म्हणाल्या, रागावले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि एवढंच सांगितलं होतं, “बाई, लोक ‘व्हेरी’ लिहितात ते आम्हाला तपासावं लागत नाही, म्हणून आम्ही काही करत नाही. तुम्ही ‘सच दॅट’ लिहिलंत की ‘दॅट’च्या पुढचं आम्हाला तपासायला लागतं. खोटं लिहू नका. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादा अर्ज शेवटपर्यंत वाचला होता.”

ते शेवटचं वाक्य बाईंना लागलं. दुसऱ्या दिवशी टेबल माझ्या भरवशावर टाकून त्या शिंप्याच्या घरी गेल्या. शिंपी तोंड लपवत होता. बाई म्हणाल्या, मला तुमचं तोंड नको, खुर्ची द्या. दहापासून दुपारपर्यंत बसून राहिल्या. शिंप्याची बायको सांगत होती, ही बाई बोलत नाही, काही नाही, नुसती टेबलाकडे बघतेय, म्हणून मी भीतीने दोनदा चहा दिला. चहाच्या कपातल्या लाटा बाईंनी पाहिल्या. मग त्यांना दिसली कात्री. टेबलाच्या मधोमध ठेवलेली कात्री कोणीही हात न लावता हळूहळू कडेला सरकत होती, जशी सासूला चुकवून निघालेली सून.

नवा अर्ज फार छोटा होता. कानांचा उल्लेखच नाही. ‘खालच्या यंत्राचा हादरा असा आहे की सकाळी दहाला टेबलाच्या मध्यावर ठेवलेली कात्री दहा वीसला कडेला पोचते व खाली पडते.’ पुढे, आपण येऊन पाहावे.

साहेब खरंच आले. स्वतः कात्री ठेवली, खिशातून घड्याळ काढलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. खोलीत शिंपी, त्याची बायको, बाई आणि साहेब, चौघंही कात्रीकडे बघत. दहा सतरालाच कात्री पडली. साहेब म्हणाले, अर्जदाराने तीन मिनिटं सरकारच्या बाजूने धरलेली आहेत, आणि सही केली. महिन्याभरात यंत्र मागच्या अंगणात गेलं.

त्या दिवसापासून बाईंनी नियम केला, ‘दॅट’च्या पुढचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. धंद्याच्या दृष्टीने हा नियम म्हणजे शुद्ध वेडेपणा. निम्मी गिऱ्हाइकं पळाली. कोणाच्या शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतंय तर बाई त्याच्या जिन्यात जाऊन बसायच्या. कोणाचं गटार तुंबलंय तर नाकाला पदर लावून उभ्या. पण उरलेल्या निम्म्यांची कामं होऊ लागली. कचेरीत म्हणे छत्रीवाल्या बाईंचा अर्ज आला की कारकून तो वरच ठेवायचे, काय माहीत, आत काय सरकत असेल.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंच्या वडिलांना ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र काढायचं झालं. खिडकीवर शेवटच्या नोकरीचा कागद मागितला. वडील एका गोदामात काटेवाले होते, पोती तोलायचे. बाई लहान असतानाच ती नोकरी सुटली होती, आणि घरात सांगितलं गेलं होतं की गोदामाचं काम कमी झालं. पुढे त्यांनी किरकोळ दुकानांतून मोजमापाची कामं केली, पण त्यांचा कागद कोण देणार. कागद मागितल्यावर म्हाताऱ्याने दोन दिवस टाळाटाळ केली, मग पत्र्याच्या डब्यातून एक पिवळी घडी काढून लेकीच्या हातात ठेवली.

बाईंनी ती माझ्या शेजारी बसूनच उघडली. इंग्रजी पत्र. एकच ओळ महत्त्वाची, ‘युवर कंडक्ट हॅज बीन सच दॅट द मॅनेजमेंट इज लेफ्ट विथ नो ऑल्टरनेटिव्ह’. तुमचं वर्तन असं होतं की व्यवस्थापनापुढे दुसरा इलाज उरला नाही. बाई आधी हसल्या. म्हणाल्या, शिक्केवाले, बघा, तिसरी पायरी, कोणीतरी शिकलेला होता. आणि मग हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. बोट ‘सच’वर.

“असं म्हणजे कसं?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, लिहिलं असेल मागे. मागे काही नव्हतं. ‘दॅट’च्या पुढची शिक्षा अगदी स्पष्ट होती, पण ‘सच’च्या जागी काय होतं ते कुठेच नव्हतं. माणसाला कामावरून काढलं आणि गुन्हा सांगायचा राहून गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी वडिलांना विचारलं. हे सगळं मला नंतर कळलं, बाईंनीच सांगितलं. म्हातारा आधी म्हणाला, जाऊ दे गं, जुनं आहे. मग म्हणाला, तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. एकदा दुपारी पोती यायला उशीर झाला होता, तेव्हा ते पोत्यांवर आडवे झाले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा व्यवस्थापक दाराशी उभा होता आणि दुसरीकडे बघत होता. पंधरा दिवसांनी पत्र आलं. पत्र त्यांनी शाळेतल्या एका शिक्षकाकडून वाचून घेतलं. शिक्षक म्हणाले, तुम्ही असं काहीतरी केलंय की. काय केलंय ते यात नाही, पण ते तुम्हाला माहीत असणार.

“आणि मला माहीत होतंच,” म्हातारा म्हणाला. शरमेने तो पुन्हा गोदामाकडे फिरकला नाही, तिथल्या कोणाला भेटलाही नाही.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपल्या वडिलांना आपण दुपारी कधी आडवं झालेलं पाहिलेलं नाही. जेवण झालं की ते पाठ नसलेल्या स्टुलावर बसायचे, रेडिओ लावून. डुलकी यायला लागली की उठून तोंड धुवायचे. आईच्या माहेरचे लोक त्यांना फार कामसू समजत.

बाईंनी गोदामाला पत्र लिहिलं. गोदामाचं नाव दोनदा बदललेलं होतं, मालक बदललेले होते. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या पत्राला त्यांनी उलटं वाक्य लावलं, जे मी त्यांच्या हातून तोवर दोनदाच उमटलेलं पाहिलं होतं. ‘सच वॉज युवर लेटर दॅट माय फादर हॅज नॉट स्लेप्ट इन द आफ्टरनून फॉर थर्टी-वन इअर्स’. तुमचं पत्रच असं होतं की माझे वडील एकतीस वर्षं दुपारी झोपलेले नाहीत. खाली सही, पत्ता, आणि आपण येऊन पाहावे.

कोणी पाहायला आलं नाही, पण उत्तर आलं. गोदामाच्या जुन्या दप्तरावर बसणाऱ्या एका कारकून बाईंनी हाताने लिहिलं होतं. त्यांनी फाईल काढून पाहिली. वडिलांच्या पत्राच्या तारखेला तीच ओळ स्टेन्सिलवर छापून अडतीस जणांना गेली होती, नावाची जागा तेवढी मोकळी. कारण असं की गोदामात आपोआप तोलणारा काटा आला होता. झोपेबद्दल कोणाच्याच कागदावर एक अक्षर नव्हतं.

बाईंना वाटलं, हे ऐकून वडिलांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्यांनी वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग तो संतापला.

“अडतीस जण?” तो म्हणाला. “दोन नंबरच्या दारावरचा रोज पिऊन यायचा. त्यालाही हेच? एक जण तर तागडीवर पाय ठेवायचा. त्याचंही वर्तन असं, आणि माझंही असं?”

दोन दिवस तो लेकीशी बोलला नाही, जणू पत्र तिनेच छापलं होतं. एकतीस वर्षं माणूस एका गुन्ह्याशी इमानदारीने राहिला, आणि आता कळलं की तो गुन्हा त्याचा नव्हताच, सगळ्यांच्या ताटात वाढलेला होता. यात अपमान आहे. मला पटलं. मी बाईंना म्हटलं, तुम्ही सांगाल तर मी त्या गोदामाचा जुना शिक्का हुबेहूब करून देतो, तुम्ही वर काय टाइप करायचं ते करा, म्हाताऱ्याचं समाधान होईल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला रबर खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्या वडिलांना घेऊन गोदामात गेल्या. त्या कारकून बाई भेटल्या. त्यांना वाटलं, हे पैसे मागायला आले. बाई म्हणाल्या, आम्हाला एक वाक्य पाहिजे. चांगलं वर्तन वगैरे नको, ते तुम्ही कोणालाही देता. जुनी तोलाची बुकं आहेत का? होती, माळ्यावर. मग दोन बायका आणि एक म्हातारा धूळ झटकत दीड तास बुकं पाहत बसले. म्हातारा आपलं अक्षर ओळखत होता आणि मध्येमध्ये दुसऱ्यांच्या अक्षराला नावं ठेवत होता. कारकून बाई म्हणाल्या, आता लिहिते. आमच्या बाई म्हणाल्या, अजून एक बुक राहिलंय. तेही पाहून झाल्यावर छापील कागदावर लिहिलं गेलं, ‘यांचं तोलणं असं होतं की एकोणीस वर्षांत यांनी तोललेलं एकही पोतं वजनासाठी परत आलं नाही.’ मूळ वाक्य इंग्रजीत, तिसऱ्या पायरीचं. कारकून बाईंनी विचारलं, तुमच्या पत्रातल्यासारखं उलटं लावू का. बाई नको म्हणाल्या, वजन खरं आहे, त्याला बूट घालायची गरज नाही.

म्हाताऱ्याने कागदाची घडी केली नाही. गुंडाळी करून हातात धरली. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुपारचे अडीच वाजले होते. दोन थांब्यांनंतर त्याची मान काचेला टेकली आणि तो घोरायला लागला, इतका की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. आपला थांबा आला. बाई उठल्या नाहीत. शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या, तिथे गाडी वीस मिनिटं उभी राहिली, आणि त्याच गाडीने परत आल्या. म्हाताऱ्याला जाग आली ती घराजवळ. त्याने विचारलं, एवढा वेळ कसा लागला. बाईंनी सांगितलं, वाहतूक होती.

ओळखपत्राच्या खिडकीवर बाईंनी दोन्ही कागद दिले. खिडकीतल्या माणसाने नवा कागद न वाचता परत केला, जुन्याची झेरॉक्स ठेवून घेतली, कारण त्यावर नोकरी सुटल्याची तारीख होती. दहा दिवसांत कार्ड आलं. त्यात म्हाताऱ्याचा जन्म सहा वर्षं आधीच लावून टाकलेला आहे. तो दुरुस्त करायचा अर्ज करू म्हणून बाई मागे लागल्या, तर तो म्हणतो, राहू दे, बसमध्ये लोक लवकर उठून जागा देतात.

हे सगळं बाई मला सांगत होत्या तेव्हा समोर एक माणूस ताटकळत उभा होता, हातात फाटकी फाईल. तो मध्येच म्हणाला, बाई, माझं प्रकरण फार फार फार गंभीर आहे. बाईंनी मशिनमध्ये कोरा कागद घातला, छत्री जरा पुढे ओढली आणि म्हणाल्या, “बसा. काय झालं ते आधी सांगा. किती झालं ते मी येऊन बघते.”